मुलांना प्रभुभोजन कधी? चर्चागणिक उत्तर वेगळं का?

ईस्टर उलटला, शाळांच्या परीक्षा संपल्या, की नाशिकमधल्या ख्रिस्ती घरांत आमंत्रणांचा मोसम सुरू होतो. नाशिकरोडच्या कॅथलिक मैत्रिणीचा फोन येतो, "रविवारी धाकटीचं फर्स्ट होली कम्युनियन आहे, मिस्साला या आणि जेवूनच जा." धाकटी तिसरी-चौथीतली, पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती. शरणपूरकडच्या सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीतल्या नातेवाइकांचा निरोप वेगळा असतो, "मुलाचं दृढीकरण आहे, बिशपसाहेब येणार आहेत. त्या दिवशी तो पहिल्यांदा प्रभुभोजन घेईल." हा मुलगा मिसरूड फुटलेला. आणि केरळहून नोकरीसाठी येऊन इथेच स्थायिक झालेल्या एखाद्या ऑर्थोडॉक्स कुटुंबात बारशाच्या वयाचं बाळ बाप्तिस्म्याच्या दिवशीच तेच भोजन घेऊन घरी येतं.

तिन्ही घरं ख्रिस्ती, कम्युनियन म्हणा की प्रभुभोजन, भोजन त्याच येशूचं, मग वयात एवढी तफावत कशी? आंतरचर्चीय लग्नं आता नाशिकमध्ये नवीन नाहीत. आई कॅथलिक, वडील सीएनआय, आत्या पेंटेकॉस्टल मंडळीत. अशा घरातलं दहा वर्षांचं मूल बाकावर बसून विचारतं, "मावसबहिणीला मिळतं, मला का नाही?" आपण म्हणतो, "मोठा झालास की." पण मावसबहीण तर त्याच्याहून लहान असते! मुलाला हे उत्तर पटत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. संडेस्कूलमध्ये शिकवताना हा प्रश्न मी मुलांच्या तोंडून ऐकला आहे. त्याला नीट उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आधी मूळ गोष्ट

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसोबत जेवण केलं. भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला, आणि माझ्या आठवणीसाठी हे करत राहा, असं सांगितलं. ते आजही चालू आहे. प्रोटेस्टंट मंडळ्या त्याला प्रभुभोजन म्हणतात, कॅथलिक लोक कम्युनियन म्हणतात आणि ते मिस्सा या उपासनेत दिलं जातं. केरळी परंपरेत त्या उपासनेला कुर्बाना म्हणतात.

भाकर आणि प्याल्यात नेमकं काय घडतं, यावर एकमत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स श्रद्धेप्रमाणे ती ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखरच होतात. प्रोटेस्टंटांतले लुथरन आणि अनेक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपरंपरेतले लोक, ख्रिस्त तिथे खरोखर हजर असतो असं मानतात, पण कसा ते वेगळ्या शब्दांत मांडतात. बॅप्टिस्ट आणि बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्यांत भर असतो तो स्मरणावर.

आणखी दोन संस्कार लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं होतं. बाप्तिस्मा, म्हणजे कॅथलिकांचा स्नानसंस्कार: पाण्याने होणारा ख्रिस्ती जीवनातला प्रवेश. आणि दृढीकरण: कॅथलिक व पौर्वात्य चर्चमध्ये पवित्र तेलाच्या अभ्यंगाने पवित्र आत्म्याचं वरदान शिक्कामोर्तब करणारा संस्कार, प्रोटेस्टंटांत लहानपणी आईवडिलांनी आपल्या वतीने दिलेलं वचन मोठेपणी स्वतःच्या तोंडाने देण्याचा विधी. बाप्तिस्मा, दृढीकरण, भोजन. या तिघांचा क्रम कोणी कसा लावला, यावर मुलाचं वय ठरतं.

आपल्याकडच्या पंगतीचं उदाहरण घेऊ. तान्हं बाळ आईच्या मांडीवर असतं, आईच्याच पानातला भात त्याच्या तोंडी लागतो. मग एका वयात त्याचं वेगळं पान मांडतात. काही घरांत जन्मल्या दिवसापासून पंगतीत त्याची जागा धरलेली असते. काही घरांत सांडलवंड न करता, वदनी कवळ म्हणून जेवता आलं की पान मिळतं. आणि काही घरांत घरची रीत काय आहे हे समजून ती मी पाळीन असं त्याने स्वतः म्हटल्यावर. मूल घरचं आहे, यावर तिन्ही घरांत वाद नाही. वाद आहे तो पान मांडण्याच्या वेळेचा.

सुरुवातीला तान्ह्यांनाही मिळत असे

"आमचीच पद्धत मूळची" असं प्रत्येक मंडळीला वाटतं. इतिहास मात्र लहानांच्या बाजूने जास्त बोलतो. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं शहर. तिथला बिशप, म्हणजे त्या भागातल्या चर्चचा प्रमुख, सिप्रियन याने साधारण इ. स. २५१ मध्ये लिहिलेल्या मजकुरात एका लहानग्या मुलीची हकिकत येते. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात दाईने तिला अधिकाऱ्यांकडे नेलेलं असतं आणि त्यांनी तिला मूर्तीला वाहिलेल्या नैवेद्यातलं खाऊ घातलेलं असतं. पुढे आई तिला उपासनेला आणते, तेव्हा ती प्याल्यापुढे तोंड घट्ट मिटून घेते. सिप्रियनला सांगायचं होतं वेगळंच. पण बोलायलाही न येणाऱ्या मुलीपुढे डीकन, म्हणजे उपासनेतला मदतनीस सेवक, प्याला नेतो, यात त्याला काहीच नवल वाटत नाही. आपल्या दृष्टीने तेवढं पुरेसं आहे. पुढच्या काळातला मोठा धर्मपंडित बिशप ऑगस्टिन यानेही लहान बाळांना हे भोजन मिळतं हे धरूनच युक्तिवाद केले. मनुष्याच्या पुत्राचा देह खाल्ल्याशिवाय तुमच्यात जीवन नाही, हे योहानाच्या सहाव्या अध्यायातलं वचन बाळांनाही लागू आहे, असं तो म्हणे.

मग पश्चिमेत, म्हणजे रोमच्या अखत्यारीतल्या चर्चमध्ये, ही प्रथा का गेली? बाळांना देऊ नये असं ठरवून कोणी ती एका फटक्यात बंद केली नाही. दोन व्यावहारिक गोष्टी घडल्या.

पहिली बिशपची. दृढीकरण बिशपनेच द्यायचं अशी पश्चिमेत रीत होती. चर्च खेडोपाडी पसरलं, बिशप एकटा, वाटा लांबच्या. बाप्तिस्मा गावचा धर्मगुरू देई, दृढीकरण बिशप फिरतीवर येईल तेव्हा. एका दिवशी होणाऱ्या संस्कारांमध्ये अशी वर्षांची फट पडली. पूर्वेकडच्या चर्चांनी तोड वेगळी काढली. तेल वरिष्ठांनी पवित्र करून द्यायचं आणि अभ्यंग गावच्या धर्मगुरूने करायचं. म्हणून तिथे तिन्ही संस्कार आजही एकत्र टिकून आहेत.

दुसरी गोष्ट प्याल्याची. तान्ह्या बाळाला भाकर गिळता येत नाही, म्हणून त्याला द्राक्षारसाचा थेंब देत. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास पश्चिमेत सामान्य लोकांना प्याला देणंच थांबत गेलं. रक्त सांडून विटंबना होईल ही भीती त्यामागे होती. मोठ्यांचा प्याला गेला तसा बाळांच्या तोंडचा थेंबही गेला. पुढे पंधराव्या शतकात बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, जॉन हुस या सुधारकाच्या अनुयायांनी लोकांना प्याला परत मिळवून दिला, आणि त्याबरोबर बाळांचं भोजनही पुन्हा सुरू केलं. या दोन गोष्टी किती जोडलेल्या होत्या हे त्यावरून कळतं.

१२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने नियम केला, की समजेचं वय गाठलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन करावं आणि ईस्टरला कम्युनियन घ्यावं. 'समजेचं वय' हा शब्द असा नियमात शिरला. १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने म्हटलं की समज न आलेल्या बालकांना कम्युनियन आवश्यक नाही. मात्र जुन्या काळी देत होते ते चूक होतं असं म्हणायचं तिने टाळलं.

कॅथलिकांचं 'सात' कुठून आलं?

समजेचं वय म्हणजे किती? हे कोणी आकड्यात सांगितलं नव्हतं. शतकं उलटली तशी मर्यादा वर सरकत गेली. कुठे दहा, कुठे बारा, कुठे चौदा. धाक असा घातला गेला की एवढ्या पवित्र गोष्टीला मूल लायक झालंय हे आधी सिद्ध व्हायला हवं. ज्या मुलाला बळ हवं त्यालाच बळ मिळेपर्यंत थांबायला लावायचं, असा हा उलटा कारभार होता.

८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत निघालेल्या आदेशाने ते मोडलं. विचार करता येऊ लागला की मूल पात्र झालं, आणि ते वय साधारण सातव्या वर्षाच्या आसपास, थोडं पुढेमागे. पूर्ण ज्ञान नको. ही भाकर रोजच्या पोळीसारखी नाही, एवढं कळावं आणि वयाला साजेशी भक्ती असावी. माझ्या मते मुलांसाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणत्याही चर्चने घेतलेला हा सर्वांत मोठा निर्णय आहे.

आजच्या, म्हणजे १९८३ च्या, धर्मसंहितेत हेच तत्त्व आहे. सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला समज आली असं धरलं जातं. तयारीची जबाबदारी पहिल्यांदा आईवडिलांवर आणि त्यांच्याबरोबर पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, धर्मगुरूवर टाकलेली आहे. कम्युनियनच्या आधी पापनिवेदन व्हावं असंही सांगितलं आहे. मूल मरणाच्या दारात असेल तर अट आणखी सैल होते: ख्रिस्तशरीर आणि साधं अन्न यांतला फरक कळत असेल आणि ते आदराने घेता येत असेल, तर द्यावं.

"मग आमची मुलगी सात पूर्ण असूनही फादर पुढच्या वर्षी म्हणतात ते का?" हा पालकांचा नेहमीचा आक्षेप. कारण सात हे पात्रता सुरू होण्याचं वय आहे, वाढदिवसाला आपोआप मिळणारा हक्क नव्हे. तयारीची अट त्याला जोडलेली आहे. वर्ग गटाने चालतात, म्हणून बहुतेक ठिकाणी तिसरी-चौथी उजाडते. पण मूल खरंच तयार असेल तर आईवडिलांनी फादरांशी बोलावं, त्यात संकोच नको. ७ सप्टेंबर २०२५ ला संत म्हणून घोषित झालेला इटालियन मुलगा कार्लो अकुतिस याला सातव्या वर्षी खास परवानगीने कम्युनियन मिळालं होतं. त्याचं चित्र आता कित्येक मुलांच्या परिचयाचं आहे, आणि "त्याला सातव्या वर्षी, मग मला?" हे विचारणाऱ्या मुलांना गप्प बसवण्याचं काहीच कारण नाही.

१९१० च्या आदेशाचा एक परिणाम मात्र कोणी ठरवला नव्हता. कम्युनियन खाली सरकलं, दृढीकरण तिथेच राहिलं. म्हणून कॅथलिक मुलांमध्ये क्रम असा झाला: स्नानसंस्कार, कम्युनियन, आणि शेवटी हायस्कूलच्या वयात दृढीकरण. सीएनआयमधला क्रम नेमका उलट दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

सीएनआयमध्ये दृढीकरण आधी का?

इंग्लंडमध्ये १२८१ साली कँटरबरीचे आर्चबिशप पेकहॅम यांनी नियम घातला, की दृढीकरण झाल्याशिवाय कोणाला कम्युनियन देऊ नये, मरणाची वेळ असेल तर गोष्ट वेगळी. लोक दृढीकरणाकडे पाठ फिरवत होते, त्यांना तिकडे वळवण्यासाठी ही युक्ती होती. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रोटेस्टंट रोमपासून वेगळे झाल्यावर, अँग्लिकन चर्चने ती तशीच ठेवली. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तिला एक छोटी पण फार महत्त्वाची जोड मिळाली: दृढीकरण झालेलं असावं, किंवा त्यासाठी मनुष्य तयार आणि इच्छुक असावा.

ही जोड नाशिकसारख्या ठिकाणी किती मोलाची होती ते पाहा. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात शरणपूरची वसाहत उभी केली. अनाथ मुलं, धर्मांतरित कुटुंबं आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे वाढली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेतला मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. या वसाहतीचा बिशप मुंबईला असे. नाशिकला स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत मिळाला १९२९ मध्ये. नियम काटेकोर लावला असता तर बिशपची फेरी होईपर्यंत सगळ्यांनीच ताटकळायचं. 'तयार आणि इच्छुक' या शब्दांनी पाळकाच्या हाती थोडी मोकळीक दिली.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल होते, मेथडिस्ट होते, आणि बाळाचा बाप्तिस्माच न मानणारे बॅप्टिस्टही होते. एकाच चर्चमध्ये दोन्ही वाटा मान्य करायच्या हा जगात विरळा असा समेट होता: बाळपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, किंवा बाळपणी आशीर्वाद आणि मोठेपणी विश्वासाची कबुली देऊन बाप्तिस्मा. दोन्ही वाटा जिथे मिळतात ती जागा म्हणजे मोठ्या वयातली स्वतःची कबुली. प्रभुभोजनाचं दार सर्वसाधारणपणे तिथे ठेवलेलं आहे. "आमच्या चर्चला मुलं नकोत" असा त्याचा अर्थ लावू नये. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या लोकांनी जुळवून घेतलेली ती जागा आहे.

बाहेरच्या अँग्लिकन जगात मात्र वारं फिरलं आहे. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्मा हाच पूर्ण प्रवेश मानला. चर्च ऑफ इंग्लंडने २००६ मध्ये नियम करून बिशपच्या परवानगीने, दृढीकरणाआधीच, बाप्तिस्मा झालेल्या मुलांना भोजनाला घेण्याची वाट मोकळी केली. तेराव्या शतकातली युक्ती एकविसाव्या शतकात मुलांच्या आड यावी का, हा प्रश्न आपल्याकडच्या मंडळ्यांनीही उघडपणे चर्चेला घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

"पण पौल म्हणतो, स्वतःची परीक्षा करा"

सर्वांत वजनदार आक्षेप हाच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी, मग भाकर खावी. जो शरीर ओळखल्याशिवाय खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विन याने याच वचनावर बोट ठेवून लहान मुलांच्या भोजनाला विरोध केला. त्याचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा हा जन्मासारखा आहे, तो बाळाला देता येतो; भोजन मात्र ज्याला स्वतःला तपासता येतं त्याच्यासाठी आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेत हाच विचार रुजला, आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत तोच ऐकू येतो.

विचार भक्कम आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. ज्या गोष्टीला एवढं पवित्र मानतो ती मुलाने खाऊसारखी चघळावी, असं कोणाही आईला वाटत नाही.

तरी तो अध्याय थोडा वरून, सतराव्या वचनापासून वाचावा. करिंथमध्ये घडत काय होतं? श्रीमंत लोक आधी येऊन आपापलं जेवण उरकत. गरीब मागाहून येत आणि उपाशी राहत. कोणी भुकेला, तर कोणी दारू प्यालेला. पौल कडाडला तो यावर. 'शरीर न ओळखणं' म्हणजे इथे भाकरीतला ख्रिस्त न ओळखणं तर आहेच, शिवाय शेजारी बसलेल्या गरीब भावाला ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव न मानणंही आहे, असं अनेक अभ्यासक म्हणतात. हा अर्थ धरला तर वचनाचा रोख मोठ्यांकडे वळतो. ज्यांनी दुसऱ्याला भुकेलं ठेवलं त्यांना दिलेला इशारा मुलांना भुकेलं ठेवण्यासाठी वापरायचा का, असं मुलांच्या बाजूचे लोक विचारतात. पौलाने हे मुलांविषयी लिहिलेलं नाही, एवढं तरी दोन्ही बाजूंनी मान्य करायला हरकत नसावी.

मुलांच्या बाजूचे लोक आणखी एक दाखला देतात तो वल्हांडणाचा, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणाचा. येशूचं शेवटचं जेवण वल्हांडण सणाच्या दिवसांतलं. त्या सणाचं वर्णन करताना निर्गमाच्या बाराव्या अध्यायात म्हटलं आहे, की तुमची मुलं विचारतील, या विधीचा अर्थ काय? तेव्हा त्यांना सांगा. म्हणजे मूल घरच्या सणात आधीपासून सामील आहे, प्रश्न तिथेच विचारतं आहे आणि उत्तरही तिथेच मिळतं आहे.

"बाळाला काय कळतं?"

केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स घरात हा प्रश्न विचारला तर शांतपणे उलट प्रश्न येतो, "मोठ्यांना तरी किती कळतं?" त्यांच्या परंपरेत बाप्तिस्मा, 'मूरोन' या पवित्र तेलाचं अभ्यंग आणि कुर्बाना ही एकाच दिवसाची गोष्ट. त्या दिवसापासून मूल सभासद असतं आणि आईच्या कडेवरून पुढे येतं. बाप्तिस्मा समज नसताना देता, मग भोजनालाच समज का मागता, हा त्यांचा मुद्दा खोडणं सोपं नाही. ग्रीक, रशियन आणि इतर ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही हीच रीत आहे.

पण केरळी म्हणजे सगळे एकसारखे नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणेतून घडलेलं मार्थोमा चर्च कुर्बानाच म्हणतं, पण तिथे मुलं शिक्षण घेऊन मगच पहिल्यांदा ते भोजन घेतात. सिरो-मलबार चर्च पोपशी जोडलेलं, म्हणून कॅथलिक. तिथे बाळाला बाप्तिस्म्याबरोबर अभ्यंग होतं, पण पहिलं कम्युनियन बहुतेक ठिकाणी शाळकरी वयात थाटाने होतं. पौर्वात्य कॅथलिक चर्चांसाठी १९९० मध्ये आलेल्या स्वतंत्र धर्मसंहितेचा कल मात्र जुन्या पद्धतीकडे आहे, म्हणजे बाप्तिस्मा आणि अभ्यंगानंतर शक्य तितक्या लवकर. हॉलमध्ये शेजारी बसणाऱ्या तीन मल्याळी कुटुंबांत तीन वेगळ्या रीती दिसल्या, तर त्या चुकीमुळे नाहीत.

बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचं गणित सरळ आहे. बाळाला बाप्तिस्मा नाही, फक्त समर्पणाची प्रार्थना. मूल स्वतः विश्वास ठेवून पाण्यात उतरतं आणि सहसा त्यानंतरच भाकर घेतं. वयाचा आकडा कुठे लिहिलेला नसतो. मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मी) तर बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन हे विधीच पाळत नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

ज्या मुलाला शब्दांत सांगता येत नाही

समजेची अट सर्वांत जास्त बोचते ती बौद्धिक अपंगत्व किंवा तीव्र स्वमग्नता असलेल्या मुलांच्या घरी. बरोबरीची मुलं पांढऱ्या कपड्यांत पुढे जातात आणि हे मूल बाकावर राहतं, कारण त्याला दहा आज्ञा पाठ म्हणता येत नाहीत. यावर मी स्पष्ट बोलणार आहे: असं होऊ देऊ नये, आणि कोणत्याही चर्चच्या शिकवणीला त्याची गरज नाही.

१९१० च्या आदेशातली कसोटी ही भाकर साध्या अन्नाहून वेगळी आहे हे ओळखण्याची होती, पाठांतराची नव्हती. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी १९९५ च्या मार्गदर्शनात ती आणखी उलगडून सांगितली: ही ओळख मुलाच्या हावभावातून, वागण्यातून, आदराच्या शांततेतूनही दिसू शकते, बोललंच पाहिजे असं नाही. जे मूल एरवी घरभर धावतं आणि वेदीपाशी हात जोडून थांबतं, त्याने उत्तर दिलेलं आहे. अशा घरातल्या आईवडिलांनी फादरांकडे किंवा पाळकांकडे आपलं मूल घेऊन जावं, आणि एका नकारावर परत फिरू नये.

"मुलांना वाइन देता?"

द्राक्षांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या शेजाऱ्यांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्याकडे कॅथलिक मुलांना सहसा फक्त भाकर मिळते; ती गव्हाची, बिनखमिराची, पातळ चकतीसारखी असते. मिस्सात द्राक्षांचीच नैसर्गिक वाइन लागते, पण ती बहुधा धर्मगुरूच घेतात. आपल्याकडच्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला द्राक्षरस छोट्या पेल्यांतून देतात. ऑर्थोडॉक्स बाळाच्या तोंडी लागतो तो कण किंवा थेंब. एखाद्या मुलाला गव्हाचं ग्लुटेन चालत नसेल तर आधी सांगावं. कॅथलिक चर्चमध्ये अत्यल्प ग्लुटेनची भाकर चालते, अजिबात गहू नसलेली चालत नाही. तीही सोसत नसेल तर फक्त प्याल्यातून कम्युनियन घेता येतं.

दोन चर्चच्या घरात काय करायचं?

नाशिकमधल्या घरांत खरी अडचण इथे येते. कॅथलिक आणि सीएनआय एकमेकांचा बाप्तिस्मा मानतात, तो पुन्हा करत नाहीत. भोजनाचं तसं नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे कॅथलिकांनी साधारणपणे कॅथलिक धर्मगुरूकडूनच कम्युनियन घ्यावं, आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या ख्रिस्ती लोकांना ते फक्त मोजक्या गंभीर प्रसंगी मिळू शकतं. ऑर्थोडॉक्सही आपल्याबाहेरच्यांना देत नाहीत. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या दुसऱ्या चर्चमधल्या, तिथे भोजनाला पात्र असलेल्या सभासदाचं स्वागत करतात. म्हणून वडिलांच्या सीएनआय मंडळीत गेलेल्या नऊ वर्षांच्या कॅथलिक मुलीला, तिथे स्वागत असलं तरी, तिच्या चर्चच्या नियमामुळे थांबावं लागतं, आणि नातेवाइकांना ते अपमानासारखं वाटतं. तो अपमान नाही. त्या दोन चर्चमधला न मिटलेला मतभेद आहे, आणि तो मुलीला तिच्या भाषेत सांगता येतो.

लग्नाच्या वेळीच हे बोलून घ्यावं. कॅथलिक जोडीदाराला मिश्र विवाहात, मुलांचा स्नानसंस्कार आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन द्यावं लागतं आणि दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते. पुष्कळ जोडपी त्या कागदावर घाईघाईने सही करतात आणि आठ वर्षांनी, मूल तिसरीत गेल्यावर, त्यावरून भांडतात.

थांबलेल्या मुलाने बाकावरच बसायला हवं असंही नाही. अनेक चर्चमध्ये मुलं छातीवर हातांची फुली करून रांगेतून पुढे जातात आणि आशीर्वाद घेऊन परततात. आपल्या मंडळीत ही पद्धत आहे का ते आधी विचारून ठेवावं, म्हणजे वेदीपाशी मुलाची आणि पाळकांची दोघांचीही कुचंबणा होत नाही.

बदली किंवा लग्नामुळे चर्च बदलणाऱ्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला जपावा, आणि अभ्यंग किंवा पहिलं भोजन बाळपणीच झालं असेल तर त्याची नोंदही सोबत ठेवावी. ऑर्थोडॉक्स किंवा पौर्वात्य कॅथलिक परंपरेत तान्हेपणी कम्युनियन घेतलेलं मूल पुढे रोमन कॅथलिक पॅरिशमध्ये आलं, तर त्याचं अभ्यंग पुन्हा होत नाही आणि कम्युनियनही नव्याने 'पहिलं' ठरत नाही. बरोबरीच्या मुलांसोबत ते वर्गाला बसू शकतं, त्यांच्या सोहळ्यात पांढरे कपडे घालून सामील होऊ शकतं. तोवर दर रविवारी त्याला रांगेत मागे ठेवण्याचं कारण नाही, आणि कोणी ठेवलं तर तो दाखला पुढे करावा.